गिरणी सापडते, ढेकी सापडत नाही : १९४३चा बंगाल आणि तांदळावरचं सरकारी नियंत्रण

भातखाचर

डाळीच्या साठ्यावरून इथे मध्यंतरी जुंपली होती, त्यात दोघा-तिघांनी लिहिलं होतं की १९४३च्या दुष्काळात इंग्रज सरकारने बंगालात तांदळावर वेळेवर नियंत्रण आणलं असतं तर लोक वाचले असते. ही समजूत चांगलीच रुळलेली आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

नियंत्रण आणलं नव्हतं असं नाही. आणलं होतं, उठवलं होतं, पुन्हा आणलं होतं. बघायचं ते हे की ते कुणाच्या ताटासाठी होतं आणि सरकारचा हात नेमका कुठवर पोचत होता.

क्रम असा. ८ मार्च १९४२ला रंगून जपान्यांच्या हातात गेलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. बंगालचं पोट मुख्यतः स्वतःच्याच पिकावर भरायचं, त्यामुळे त्याला थेट फटका तुलनेने कमी. पण मुंबई, मद्रास, त्रावणकोर-कोचीन, सिलोन ही सगळी गिऱ्हाइकं रंगूनची. ती आता बंगालच्या बाजारात उतरली आणि भाव हलले.

त्याच उन्हाळ्यात 'नकार धोरण' आलं. जपानी किनाऱ्यावर उतरलेच तर त्यांना काही मिळू नये म्हणून मेदिनीपूर, बाकरगंज, खुलना या किनारी जिल्ह्यांतला जास्तीचा तांदूळ दलालांमार्फत उचलला. दहा किंवा अधिक माणसं नेऊ शकणाऱ्या होड्या जप्त केल्या, मोडल्या, नाहीतर लांब नेऊन बांधल्या. ज्या मुलखात रस्त्याऐवजी खाडी आहे तिथे होडी गेली की बाजारही गेला आणि मासेमारीही.

१ जुलै १९४२पासून तांदळाच्या कमाल किमती ठरवल्या. ठरवलेला भाव बाजारभावाच्या खाली, हाताशी साठा काही नाही. व्हायचं तेच झालं. माल दुकानातून उठून मागच्या दाराला गेला. ऑगस्टमध्ये बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सची अन्नधान्य योजना सुरू झाली. तागाच्या गिरण्या, इंजिनिअरिंग कारखाने आणि युद्धाला लागणारे बाकीचे उद्योग यांच्या कामगारांना मालकाच्या दुकानातून स्वस्त तांदूळ. सरकारी नोकर, रेल्वे, बंदर हेही 'अग्रक्रमाच्या' लोकांत. ऑक्टोबरच्या १६ तारखेला मेदिनीपूरला चक्रीवादळ झालं, अमनचं (हिवाळ्यात कापायच्या मुख्य भाताचं) पीक मार खाऊन बसलं. डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडले, दुकानं बंद झाली आणि २७ डिसेंबरला सरकारने शहरातल्या घाऊक व्यापाऱ्यांचे साठे ताब्यात घेतले. ते शहरासाठीच वापरले. ११ मार्च १९४३ला भावनियंत्रण उठवलं.

कलकत्त्यातला किरकोळ भाव बघा. मणाला (म्हणजे साधारण ३७ किलोला) ११ डिसेंबर १९४२ला १३-१४ रुपये. नियंत्रण उठल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ मार्चला २१. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ३०च्या वर. २० ऑगस्टला ३७. शेतमजुराची मजुरी याच्या आसपासही वाढली नव्हती.

आता माझा मुद्दा. सरकार गिरणी धरू शकत होतं. तिचं धुराडं लांबून दिसतं, मालक कोण ते ठाऊक असतं, माल वॅगनने नाहीतर मोठ्या होडीने जातो आणि त्याची पावती असते. आडत्याचं गोदामही असंच. पण बंगालच्या खेड्यातला बराचसा तांदूळ गिरणीत जातच नव्हता, तो ढेकीवर निघायचा. ढेकी म्हणजे पायाने चालवायचं लांब लाकडी मुसळ. जमिनीपासून थोड्या उंचीवर आडवा सोट, मध्ये टेकू, एका टोकाला खाली आलेला दांडा आणि त्याच्याखाली जमिनीत पुरलेलं उखळ. एक बाई भिंतीला धरून उभी राहते आणि शेपटावर पाय देते. पाय काढला की दांडा धपकन उखळात पडतो. दुसरी बाई उखळाशी बसून, दांडा वर गेला की हात घालून भात परतते. ताल चुकला की बोटं गेली.

बहुतेक ठिकाणी हे काम गरिबाघरच्या बायकांचं, त्यातही विधवांचं. थोडंसं भात विकत किंवा उधारीवर आणायचं, उकडायचं, वाळवायचं, कांडायचं, तांदूळ बाजारात विकायचा. हातात राहायचा तो कणी-कोंडा आणि दोन पैसे. विसाव्या शतकात गिरण्या वाढल्या तशा या बायका आधीच मागे रेटल्या जात होत्या. १९४३त भाताचाच भाव असा चढला की कालचा तांदूळ विकून आलेल्या पैशात आजचं भात येईना. भांडवल म्हणजे एक टोपली, ती रिकामी झाली. पुढे महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने गावोगाव पाहणी केली तेव्हा देशोधडीला लागलेल्यांत शेतमजूर, कोळी, होडीवाले यांच्याबरोबर भात कांडून पोट भरणारे हाही गट निघाला.

यांच्यासाठी एकही हुकूम नव्हता. परवाना गिरणीला, भाव व्यापाऱ्याला, रेशन कारखान्याला.

---

मालवणी_खाजा

उत्तम धागा. आमच्याकडे कोकणात घिरटावर (भात भरडायच्या जात्यावर) भरडून मग व्हायनात (जमिनीतल्या उखळात) सडायचे, पायाची ढेकी नव्हती. म्हातारी माणसं 'रंगूनचा तांदूळ' बंद झाल्याचं सांगायची ते आता कुठल्या सालचं ते कळलं. रत्नागिरी जिल्हा स्वतःच्या भातावर वर्ष काढूच शकायचा नाही. मुंबईची मनीऑर्डर आणि रंगूनचा तांदूळ, दोन्ही बोटीने.

पुढे लिहा.

---

अर्धवट_अर्थतज्ज्ञ

लेख चांगला आहे पण व्यापाऱ्याला फारच सोवळं करून सोडलंत. साठेबाजी झाली नाही का? सर जॉन वुडहेड यांच्या दुष्काळ चौकशी आयोगाच्या अहवालातसुद्धा व्यापाऱ्यांच्या नफेखोरीवर कडक शब्द आहेत. मार्चमध्ये भाव मोकळे केल्यावर दोन-अडीच महिन्यांत काय झालं ते तुमच्याच आकड्यांत आहे. म्हणजे नियंत्रण सोडलं म्हणून आग लागली. मग 'नियंत्रण कुणासाठी' हा प्रश्न दुय्यम ठरतो.

दुसरं, अमर्त्य सेनांचं नाव न घेता त्यांचं म्हणणं तुम्ही अर्धवट घेतलंत (नाव माझं अर्धवट आहे, काम तुम्ही केलंत). त्यांच्या मते तांदळाची एकूण उपलब्धता १९४१पेक्षा कमी नव्हती. हाती पैसा नव्हता म्हणून लोक मेले. त्यात गिरणी की ढेकी याने काय फरक पडतो?

---

भातखाचर

@अर्धवट_अर्थतज्ज्ञ, सोवळं अजिबात नाही. पण मार्चच्या आधीही भाव चढतच होते, १३वरून २१वर ते नियंत्रणाच्या काळातच गेले. कागदावर भाव ठरवला आणि त्या भावाने विकायला सरकारकडे पोतं नाही, असं नियंत्रण म्हणजे साठेबाजाला दिलेलं आमंत्रण. त्यात शेजारच्या बिहार-ओरिसाने आपापल्या सीमा बंद केलेल्या. मेमध्ये पूर्व विभागात 'मुक्त व्यापार' जाहीर केला तेव्हा बंगालचे दलाल तिकडे तुटून पडले, तिकडचेही भाव भडकले आणि अडीच-तीन महिन्यांत तेही गुंडाळलं.

साठेबाजीचं म्हणाल तर जून १९४३मध्ये सुऱ्हावर्दी पुरवठामंत्री असताना साठे शोधायची मोठी मोहीम निघाली. गावोगाव समित्या, घरोघर झडती. आणि या मोहिमेतून सुरुवातीला कोणती दोन ठिकाणं वगळली? कलकत्ता आणि हावडा. जिथे मोठी गोदामं तीच. गावांत सापडला तो किरकोळ माल.

सेनांच्या मुद्द्याला माझा विरोधच नाही. हाती पैसा का नव्हता याचंच एक उत्तर ढेकीवरची बाई आहे. उपलब्धता कमी होती की नव्हती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, अमनवर पडलेल्या रोगाचा हिशेब कसा धरायचा वगैरे. पण कोणत्याही हिशेबात सगळ्यात आधी मेले ते तेच लोक.

---

गोंदियाकर

आमचा धंदाच हा, म्हणून लिहितो. सरकार गिरणीच का धरतं याचं कारण सोपं आहे. गिरणीचं गणित बांधलेलं असतं. आजही आधारभूत केंद्रावर घेतलेलं धान आमच्याकडे भरडाईला येतं तेव्हा एका क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला द्यायचा, उकडा असेल तर ६८. उरलेला कोंडा, कनकी, तूस आमचं. म्हणजे धानाची एक ट्रक कुठे गेली हे कळलं की तांदूळ किती यायला पाहिजे हे ऑफिसात बसलेला माणूस पेनाने सांगतो. घरी मुसळाने कांडलेल्या धानाचा असा हिशेब कोण ठेवणार? तिथे दाणा किती फुटला, किती कोंडा राहिला, हे बाईच्या हातावर.

अजून एक. स्वातंत्र्यानंतर १९५८ला तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा केंद्राचा कायदा आला. नवी गिरणी टाकायची तर परवाना, बंद पडलेली सुरू करायची तरी परवाना. परवाना देताना हातकांडपावर जगणाऱ्यांच्या रोजगाराचा विचार करायचा असं त्यात होतं. १९९७ला रद्द झाला. म्हणजे धागाकर्ते म्हणतात ती ढेकी कायद्याला एकदा दिसली होती. फार उशिरा दिसली, आणि तोवर आमच्याकडे गल्लोगल्ली हलर (भात सोलायची छोटी यंत्रं) बसले होते.

---

पोपटशेठ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चर्चिलचं नाव अजून कसं निघालं नाही?

---

स्टेथोस्कोप

चर्चिल येईलच हो, दम धरा. तोवर तांदूळ गिरणीच्या नियंत्रणाची वेगळीच बाजू मांडतो, तीही वसाहतींतलीच. विषय बेरीबेरी.

वाफेवरच्या गिरण्या आल्या आणि तांदूळ पांढराशुभ्र मिळू लागला. कोंड्याबरोबर थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व जातं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पाय सुजून, हातापायांतली ताकद जाऊन, शेवटी हृदय बंद पडून माणसं मरत होती. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) आइकमन या डच लष्करी डॉक्टरच्या कोंबड्यांना हाच आजार झाला आणि आपोआप बरा झाला. चौकशीत निघालं की मध्यंतरी त्यांना लष्करी इस्पितळातला शिजलेला पांढरा भात मिळत होता. नंतर नवा स्वयंपाकी आला आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला! मग फोर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने १८९७च्या सुमाराला जावातल्या शंभरएक तुरुंगांची पाहणी केली. जिथे कोंडा राखलेला तांदूळ तिथे बेरीबेरी जवळजवळ नाही, जिथे पांढरा तिथे ढीगभर.

मलायात तर नमुनाच. टिनच्या खाणीतले चिनी मजूर सयामचा पांढरा तांदूळ खायचे आणि बेरीबेरीने पटापट मरायचे. मळ्यावरचे तमिळ मजूर उकडा तांदूळ खायचे आणि त्यांना काही होत नसे. १९०५मध्ये क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात फ्लेचरने रुग्णांचे दोन गट पाडले. पांढरा तांदूळ खाणाऱ्या १२० जणांत ३६ जणांना बेरीबेरी, त्यातले १८ गेले. उकडा खाणाऱ्या १२३ जणांत फक्त दोघे, आणि ते दोघे दाखल होतानाच आजारी होते. भात उकडताना कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, हे त्याचं कारण.

आता सरकारांनी काय केलं? १९१०मध्ये फिलिपिन्सच्या अमेरिकन गव्हर्नर जनरलने हुकूम काढला की सरकारी मुलकी संस्थांत पॉलिश केलेला तांदूळ वापरायचा नाही. क्युलियनच्या कुष्ठरोगी वसाहतीत तांदूळ बदलल्यावर बेरीबेरीचे मृत्यू थांबले. मनिलाच्या डॉक्टरांच्या परिषदेत सगळ्या सरकारांना विनंती झाली की पॉलिशचा तांदूळ कमी होईल असं बघा. पॉलिशच्या तांदळावर कर बसवावा असा आरोग्य अधिकारी हायझर यांचा आग्रह होता, तो काही मंजूर झाला नाही. म्हणजे तुरुंग, इस्पितळ, वसाहत, पलटण, जिथे भटारखाना सरकारचा तिथे नियम ताबडतोब. बाजारातल्या गिरणीला हात लावायची वेळ आली की 'शिफारस'.

भातखाचरांच्या मुद्द्याला हे पूरक आहे की छेद देणारं, ते तुम्हीच ठरवा. इथे गिरणी डोळ्यांसमोर असूनही धरली नाही.

---

मालवणी_खाजा

म्हणजे उकड्या तांदळाच्या पेजेला नाकं मुरडणाऱ्या घाटावरच्या समस्त पाहुण्यांनी हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा.

---

भातखाचर

@स्टेथोस्कोप, छेद नाही म्हणणार, मुद्दा थोडा दुरुस्त होतो आणि ते बरंच आहे. गिरणी *धरता येते* हे एक, आणि ती धरण्यात सरकारचा *फायदा आहे का* हे दुसरं. तुरुंगात कैदी मेले तर प्रश्न सरकारला विचारला जातो. खाणीतला कंत्राटी मजूर मेला तर पुढचं जहाज येतं. बंगालात तागाचा कामगार उपाशी राहिला तर पलटणीसाठी लागणारी पोती थांबतात. मेदिनीपूरच्या ढेकीवाल्या बाईवाचून काही थांबत नव्हतं.

यात आणखी एक दुवा आहे. कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. एक्रॉइड तांदळाच्या पॉलिशवरच काम करत होते, आणि वुडहेड आयोगाच्या सदस्यांत ते होते. त्याच आयोगावर बडोद्याचे मणिलाल नानावटीही होते. मृतांचा आयोगाचा अंदाज १५ लाख. नंतरच्या बहुतेक अभ्यासकांचे अंदाज २१ लाखांपासून ३० लाखांपर्यंत जातात.

@पोपटशेठ, घ्या चर्चिल. १९४३च्या जानेवारीत हिंदी महासागरातल्या जहाजफेऱ्या मोठ्या प्रमाणात कापल्या. ऑगस्टमध्ये धान्याची मागणी लंडनच्या मंत्रिमंडळापुढे गेली तेव्हा मागितलं त्याच्या मानाने फारच थोडं मंजूर झालं. भारतमंत्री ॲमरीसुद्धा वैतागले होते. ऑक्टोबरात व्हाइसरॉय म्हणून वेव्हेल आले, त्यांनी कलकत्त्याचे रस्ते स्वतः पाहिले आणि लष्कराला वाटपाला लावलं, तेव्हा कुठे गावांपर्यंत काहीतरी पोचायला लागलं. चर्चिलचा दोष मोठा आहे, कमी करत नाही. पण त्याच्याच नावाने सगळं बिल फाडलं की कलकत्त्यातले सचिवालयातले कागद सुटतात, आणि माझा धागा त्या कागदांवर आहे.

---

जकार्ताहून

नोकरीनिमित्त इथे असतो म्हणून जावाची बाजू टाकतो. भातखाचरांना हवा तो नमुना इथे जास्त ठळक दिसतो.

डचांनी ३०च्या दशकात मंदीत तांदळाच्या आयातीवर परवाने लावले, १९३९मध्ये अन्नसाठ्यासाठी स्वतंत्र मंडळ काढलं. आजच्या इंडोनेशियाची 'बुलोग' ही सरकारी धान्यसंस्था (१९६७) त्याच वळणावरची. पण कसलेलं यंत्र वापरलं जपान्यांनी. १९४२नंतर शेतकऱ्याने ठरलेलं भात ठरलेल्या भावाने ठरलेल्या गिरणीत नेऊन घालायचं. गिरण्या बऱ्याचशा चिनी मालकांच्या, त्या सरकारी अन्न कार्यालयाच्या ताब्यात. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात तांदूळ न्यायला बंदी, प्रत्येकाने आपलं आपण भागवायचं. तुटीच्या भागात माणसं झाडाची मुळं खात होती आणि शेजारच्या प्रांतात भात गिरणीच्या अंगणात पडून, कारण ट्रक नाहीत, इंधन नाही, पोती नाहीत. पोत्याचं कापडच माणसं अंगावर घालत होती. १९४४मध्ये सिंगापर्णा आणि इंद्रमायू इथे उठाव झाले. इंद्रमायूचा उठाव तर थेट या सक्तीच्या भातवसुलीविरुद्ध. जपानी काळात एकट्या जावात गेलेल्या माणसांचा अंदाज २४ लाखांच्या आसपास धरतात.

म्हणजे इथे सरकार गावापर्यंत पोचलं होतं. पूर्ण पोचलं होतं. घ्यायला.

---

अनुजा_र

मी बराच वेळ वाचत होते. एक उदाहरण तुमच्या सिद्धांतात बसत नाही, ते त्रावणकोर-कोचीनचं. ब्रह्मी तांदळावर सगळ्यात जास्त अवलंबून तेच, म्हणजे खरं तर बंगालच्या आधी त्यांचं कंबरडं मोडायला हवं होतं. हाल झालेच, पण तिथे शहरांबरोबर खेड्यांतही कायदेशीर रेशन लागू झालं, आणि बंगालसारखी माणसं रस्त्यावर पडली नाहीत. मग सरकारला गाव दिसत नाही, हे कसं?

आणि मुंबईचं काय? २ मे १९४३ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं, देशातलं पहिलं मोठं शहर. पुरवठा खात्यात ए. डी. गोरवालांसारखे सनदी अधिकारी होते, पुण्यात गाडगीळ आणि सोवनी हे अर्थतज्ज्ञ त्याच काळात युद्धकाळातल्या आर्थिक धोरणावर लिहीत होते. म्हणजे वसाहतीचं सरकार तेच, कायदे तेच, पण इथे जमलं. 'सरकार कुणाचं' यापेक्षा 'प्रांत कोणता' हे महत्त्वाचं नाही का?

---

अर्धवट_अर्थतज्ज्ञ

अनुजाताईंना +१. हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणायला हवं होतं तितक्या नेमकेपणाने.

---

भातखाचर

@अनुजा_र, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. यावर माझं मत असं.

त्रावणकोरला तांदूळ बाहेरून येतो. म्हणजे बंदर, रेल्वे, दोन-चार घाट, एवढ्याच दारांतून. दारावर उभं राहिलं की सगळं पोतं मोजता येतं, आणि मग ते गावातल्या दुकानापर्यंत कार्डावर वाटता येतं. मुंबईचंही तसंच. शहरात शेत नाही, सगळं धान्य गोदीतून आणि रेल्वेच्या मालधक्क्यावरून येतं. तुटीचा मुलूख असणं या एका बाबतीत उपयोगी पडलं. बंगाल पिकवणारा. तिथे तांदूळ लाखो अंगणांत, कणगीत, ढेकीखाली. तो मोजायचा तर पिकाच्या वेळी गावात माणूस हवा. मद्रास, मुंबई इलाख्यात रयतवारी, म्हणजे तलाठी-कुलकर्णी आणि त्याचं दप्तर गावागावात. बंगालात कायमधारा, म्हणजे कायमचा ठरलेला सारा जमीनदाराने गोळा करून भरायचा. सरकारचा स्वतःचा महसुली माणूस गावात जवळजवळ नाहीच. कोणाच्या शेतात किती पिकलं याचा कागद सरकारजवळ नव्हता. आयोगानेही प्रशासनाच्या या पोकळीकडे बोट दाखवलं आहे.

म्हणून मुंबई इलाख्यात पुढे लेव्ही (शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने सक्तीची धान्यवसुली) बसवता आली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना 'लेव्ही' म्हटलं की अजून कपाळावर आठ्या येतात, आणि त्यांच्या बाजूने ते खरंही आहे. पण ती लेव्ही होती म्हणून गिरणगावच्या कार्डावर धान्य पडत होतं. १९४२-४३मध्ये विजापूर भागात दुष्काळ होताच, पण तिथे दुष्काळी कामं निघाली, जुनी दुष्काळ संहिता (दुष्काळात सरकारने काय करायचं याचे नियम) लागू झाली. बंगालात ती संहिता लागूच केली नाही. दुष्काळ रीतसर जाहीर झालाच नाही.

तरीही 'मुंबईत जमलं' याला मी पूर्ण गुण देणार नाही. मुंबईचा गिरणी कामगार आणि कलकत्त्याचा ताग कामगार, दोघांनाही धान्य मिळालंच. फरक पडला तो खेड्यात.

---

सूतकताई

वर्ध्याचा आहे, न राहवून लिहितो. हातसडीच्या तांदळाचा विषय निघाला आणि मगनवाडीचं नाव नाही म्हणजे काय! १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी इथल्या मगनवाडीत घाणी, जातं, भात भरडायची साधनं यांवर प्रयोग चालवले. गांधीजी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकातून डॉक्टरांना विचारत होते की पॉलिशच्या तांदळाचे तोटे काय ते सांगा. म्हणजे पोषण आणि बायकांचा रोजगार हे दोन्ही धागे एकत्र बांधणारी मंडळी १९४३च्या आधीच आपल्याकडे होती. वरच्या १९५८च्या कायद्यात हातकांडपाची काळजी दिसते तिचं मूळ इथे आहे.

अवांतर: डिसेंबर १९४७मध्ये धान्याची नियंत्रणं उठवली ती मुख्यतः गांधीजींच्या आग्रहाने, आणि १९४८मध्ये भाव चढल्यावर परत आणली. त्यामुळे आमच्याकडच्यांनाही सगळं बरोबर कळत होतं असा दावा नाही.

---

गोंदियाकर

@सूतकताई, हातसडीचा खायला उत्तम, पण उन्हाळ्यात महिनाभरात कीड लागते आणि कोंड्यातल्या तेलाने खवट वास येतो. सरकारी गोदामात वर्षभर ठेवायचा माल कोंडा काढूनच ठेवावा लागतो. साठा म्हणाल तर गिरणी आलीच. १९४३मध्ये बंगाल सरकारकडे साठा असता तर तोही गिरणीतलाच असता.

---

पोपटशेठ

पॉपकॉर्न संपले पण एक प्रश्न आहे. मग कलकत्त्यात रेशनिंग आलं कधी? मुंबईत मे ४३, तर तिकडे?

---

भातखाचर

@पोपटशेठ, ३१ जानेवारी १९४४. तोवर डिसेंबरचं अमन कापून झालं होतं, पीक चांगलं आलं होतं आणि बाजारात नवा तांदूळ दिसत होता. मृत्यू मात्र नेमके त्या डिसेंबरातच शिगेला पोचले होते. हिवताप, पटकी, देवी, उपाशी अंगावर जे येईल ते. कार्ड सुरू झालं ते शहर आणि भोवतालच्या कारखान्यांच्या पट्ट्यासाठी. रस्त्यावर येऊन पडलेल्या खेडुतांना १९४३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच गोळा करून शहराबाहेरच्या छावण्यांत नाहीतर गावांकडे परत पाठवलं होतं.

@गोंदियाकर, खवट वासाचा मुद्दा मान्य. उकडा जास्त टिकतो ना पण? बंगालात घराघरांत उकडाच व्हायचा.

---

गोंदियाकर

टिकतो. उकडल्याने दाणा घट्ट होतो, किडा लवकर शिरत नाही आणि कांडताना तुटतही कमी. म्हणूनच सरकार उकड्याला ६८ मागतं.